आधी विचारा, मग पाना उचला

गाडी रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे पहिल्यांदा काय होतं? बॉनेट उघडलं जातं. ते उघडलं रे उघडलं की आजूबाजूला चार माणसं गोळा होतात आणि सल्ले सुरू. एक म्हणतो प्लग, दुसरा म्हणतो पंप, तिसरा छातीठोकपणे सांगतो की बॅटरीच गेली, आणि चौथा नुसता आत बघून मान हलवतो. (चौथा मला त्यातल्या त्यात शहाणा वाटतो.) माझं मत असं की बॉनेटला हात लावायच्या आधी दोन मिनिटं गप्प बसावं आणि एवढंच आठवावं, की ती बंद पडली ती नेमकी कशी?

मी बोलतोय ते जुन्या, कार्बोरेटरवाल्या गाडीबद्दल. अशी गाडी दोन तऱ्हांनी बंद पडते. एक म्हणजे दिव्याचं बटण बंद करावं तशी, एकदम, काही सूचना न देता. दुसरी तऱ्हा म्हणजे आधी धाप लागते, मग आचके येतात, आपण रेस देतो तर ती आणखीच गुदमरते, आणि शेवटी जीव सोडते. पहिली असेल तर बहुतेक वेळा ठिणगीचा दोष, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, एखादी सैल वायर. दुसरी असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलचा. हा काही शंभर टक्के नियम नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं. वर्गात एखाद्या मुलाचं गणित चुकलं तर आपण त्याला पुस्तक बदलून देत नाही, कुठल्या पायरीवर अडलं ते विचारतो. गाडीलाही तोच न्याय का नको?

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्या घराण्यात अजून दोन प्रीमिअर पद्मिनी शिल्लक आहेत, आणि त्यातली एक गेल्या उन्हाळ्यात भंगारात जाता जाता वाचली. त्याबद्दल पुढे सांगतोच.

पद्मिनीचं कौतुक गेल्या काही वर्षांत भरपूर झालं आहे, त्यामुळे इतिहास थोडक्यात उरकतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाट ११०० जोडायला सुरुवात झाली, १९६४ ला तीच 'डिलाइट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. एकविसावं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा पेपरांतून मृत्युलेखासारखे लेख आले होते. मला त्या हळहळीत फार रस नाही. मला या गाडीचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे. तिचं १०८९ सीसीचं इंजिन इतकं उघडं आणि सरळ आहे की माझ्यासारखा मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूससुद्धा त्यातलं कारण आणि परिणाम डोळ्यांनी बघू शकतो. पेट्रोल कुठून येतं, हवा कुठून शिरते, ठिणगी कुठे पडते, सगळं समोर असतं.

आता सकाळी गाडी सुरू होत नाही, ही पहिली तक्रार घेऊ. सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं? नुसतं 'टक्' झालं आणि हेडलाइट मंद झाले तर बॅटरी दुकानात न्यायच्या आधी तिचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाणी ओतून साफ करा, घासा, घट्ट आवळा. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टीही तपासा. ही पट्टी गंजून गेलेली असते आणि नवीन बॅटरी घालूनही सेल्फ रडतच राहतो. यात अक्षरशः शून्य रुपयांत काम झालेली मी पाहिली आहेत.

सेल्फ छान फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर प्रश्न दोनच. ठिणगी आहे का? पेट्रोल आहे का? पेट्रोलचं उत्तर सोपं. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवूनच कार्बोरेटरची रेसची दांडी हाताने एकदा ओढा आणि तोंडातून आत बघा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर तिथपर्यंत पेट्रोल पोचलंय, उगाच पंपावर घसरू नका. (हे करताना आसपास विडी-काडी नको, हे सांगायला लागू नये, पण भिवंडीत सांगावं लागतं.) ठिणगीसाठी एका प्लगची वायर काढून, तिच्यात जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. प्लग धरायला रबरी मुठीची पक्कड घ्या आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या. निळी, कडक, 'टिक टिक' आवाजाची ठिणगी असेल तर उत्तम. पिवळी, मरगळलेली असेल तर पॉइंटकडे जा.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, ज्याला आपले मिस्त्री लोक डेल्को म्हणतात त्याच्या आतले. ते काळे पडतात, त्यांच्यावर खड्डे पडतात. पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा आणि फट नीट करायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे फीलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर रस्त्यात वेळ मारून नेता येते. पॉइंट साफ करूनही आठवड्यात पुन्हा जळाले तर पॉइंटला दोष देऊ नका, शेजारचा कंडेन्सर बघा. पावसाळ्यात तर डेल्कोची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली की निम्म्या गाड्या सुरू होतात. आपल्याकडच्या पावसात त्या टोपीच्या आत घाम धरतो, आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या ओलीतून भलतीकडेच पळते.

भिवंडीपुरती आणखी एक गोष्ट. लूमच्या गल्लीत गाडी लावत असाल तर एअर फिल्टर दर महिन्याला उघडून बघा. कापसाचं बारीक तूस हवेत तरंगत असतं, ते फिल्टरवर नमद्यासारखं बसतं. मग हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काजळीने काळे, आणि आपण मात्र कार्बोरेटर उघडून बसलेलो!

खरी गंमत (आणि खरा खर्च) दुसऱ्या तक्रारीत आहे. गाडी सुरू होते, छान चालते, आणि अर्ध्या तासाने बंद पडते. थांबलं, चहा घेतला, की पुन्हा सुरू. मे महिन्यात कशेळी पुलाच्या आधी किंवा अंजूरफाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या जुन्या गाडीचं हे हमखास दुखणं. इथे दोन वेगळे रोग अगदी सारखं सोंग घेतात. एक, इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. दुसरा, कॉइल किंवा कंडेन्सर तापला की दगा देतो आणि गार झाला की शहाणा होतो. दोन्हींत गाडी तापल्यावरच बंद पडते, दोन्हींत गार झाल्यावर सुरू होते.

मग ओळखायचं कसं? जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे. फडकं टाकल्यावर दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफ. पण लोक काय करतात, घाईघाईत पंपावरही पाणी मारतात, कॉइलही पुसतात, एखादी वायरही हलवतात, मध्येच चोकही ओढतात. गाडी सुरू होते, सगळे खूश होतात, आणि उद्या ती पुन्हा त्याच जागी उभी. कारण कशाने सुरू झाली ते कुणालाच कळलेलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि थांबून बघायचं, याला मनाचा फार संयम लागतो, आणि मागून हॉर्न वाजत असताना तो राहत नाही हे मलाही मान्य आहे. तरीही माझा आग्रह तोच. बंद पडलेली गाडी त्या वेळी आपल्याला काही तरी सांगत असते, आणि चार उपाय एकदम करून आपण तिचं बोलणंच पुसून टाकतो.

आता दादाची गाडी. दादा जाऊन सहा वर्षं झाली. त्याची १९८७ ची पद्मिनी पुतण्याने कल्याणला नेऊन सांभाळली. गेल्या वर्षी तिला हेच दुखणं लागलं. अर्ध्या तासाने बंद, पंधरा मिनिटांनी सुरू. एका गॅरेजात नेली. त्यांनी आधी कॉइल बदलली, मग पॉइंट-कंडेन्सर, मग पंप, मग बॅटरी, आणि शेवटी म्हणाले कार्बोरेटरच नवा बघा, पण आता तो मिळत नाही, तर एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी काढून टाका. तोवर बारा-तेरा हजार गेलेले. पुतण्याने भंगारवाल्याला फोटोसुद्धा पाठवले होते. वहिनींनी त्या दोन दिवसांत कुणाशी धड बोलणं केलं नाही, हे मला सुनेकडून कळलं.

मी त्याला फोनवर इतकंच विचारलं, "रात्री थंडाव्यात चालवलीस तरी बंद पडते का?" तो म्हणाला, "हो काका, रात्रीही." म्हणजे वाफेचा संशय जवळजवळ मिटला. "एकदम बंद पडते की आचके देत?" "आचके देत, पेट्रोल संपल्यासारखी." म्हणजे कॉइल नव्हे. मग तो जाता जाता बोलून गेला, "आणि काका, टाकी फुल केली की जास्तच त्रास देते." हे वाक्य त्याने गॅरेजातही सांगितलं होतं म्हणे, पण कुणी कान दिला नाही.

पेट्रोल टाकीतून बाहेर जातं, तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला किंवा टाकीला श्वासाची वाट ठेवलेली असते. ती बुजली तर टाकीत हळूहळू ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येईनासं होतं. टाकी भरलेली असली की वरची मोकळी जागा थोडी, म्हणून ही ओढ लवकर तयार होते. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालू.

आम्ही टाकी भरून नाशिकच्या रस्त्याला लागलो. पडघ्याच्या पुढे आचके आले. बंद पडू दिली. मी त्याला सांगितलं, बॉनेट उघडू नकोस, नुसतं टाकीचं झाकण उघड. उघडल्याबरोबर 'फुस्स' करून हवा आत गेली, आणि थोडा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली. झालं असं होतं की जुनं झाकण हरवल्यावर बाजारातून कुलपाचं नवं झाकण आणलं होतं, त्याला भोकच नव्हतं, आणि टाकीची हवेची नळी मातीने बुजलेली. तार घालून नळी मोकळी केली, झाकण बदललं. गाडी आजही चालते.

त्या गॅरेजवाल्यांना मी लबाड म्हणणार नाही. ती पोरं मेहनती आहेत. पण ती शिकली स्कॅनर लावायच्या गाड्यांवर. नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो, तो आपणहून सांगतो की अमुक सेन्सर बिघडला, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. त्या गाड्यांच्या बाबतीत माझ्यासारख्याने तोंड उघडू नये. पद्मिनीला मात्र तोंड नाही, तिच्या वतीने मालकाने बोलावं लागतं, आणि मिस्त्रीने ऐकावं लागतं. आपल्याकडे वंजारपट्टी नाक्याच्या बाजूला पूर्वी एक म्हातारे चाचा होते. ते गाडी आली की आधी मालकाला स्टुलावर बसवून दहा प्रश्न विचारायचे, आणि मग हातात पाना घ्यायचे. लोक कंटाळायचे. पण त्यांच्याकडे एकाच दुखण्यासाठी दुसऱ्यांदा गाडी क्वचितच जायची. सुटे भाग बदलणं ही मजुरी झाली, कारण शोधणं ही विद्या. आणि आपण पैसे देतो ते फक्त सुट्या भागांचे. चाचांनी अर्धा तास प्रश्न विचारून एक वायर घट्ट केली, तर त्यांना पन्नास रुपये द्यायलाही मालक कुरकुरायचा. मग कोण कशाला कारण शोधत बसेल? हा दोष मी मालकांच्या पदरात टाकतो.

पेट्रोलबद्दलही बोललंच पाहिजे, कारण हल्ली कुठलीही जुनी गाडी अडली की लोक थेट इथेनॉलवर खापर फोडून मोकळे होतात. देशात २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर पोचलं, आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. पद्मिनी बनली तेव्हा हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, पाणी धरून ठेवतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकटा सोडवून थेट जेटमध्ये आणून बसवतं. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सावरून घेतो, कार्बोरेटरला ती अक्कल नाही. म्हणून गाडी स्लोवर बंद पडत असेल तर चोक किंचित ओढून बघा. त्याने सुधारली तर मिश्रण पातळ आहे. मग स्लो जेटमधला कचरा, कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा, हे आधी तपासा. हे सगळं ठीक असूनही प्लग पांढरेफटक दिसत असतील, तरच जेट एक नंबर मोठा करायचा विचार.

निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात मान्य केलं होतं की जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणाने सहा-सात टक्के घटेल. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागतील हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवा, अशी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचा मान राखून मला वाटतं की मागणी रास्त होती. उसाच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत याला महाराष्ट्रात कोण नाही म्हणेल? पण प्रत्येक तालुक्यात एखाद्या पंपावर जुन्या गाड्यांसाठी एक नळी ठेवली, भले महाग, तर कुणाचं काय बिघडतं? २००० च्या फेब्रुवारीत शिसंवालं पेट्रोल देशभर बंद झालं ते योग्यच झालं, ते मुलांच्या मेंदूचं विष होतं. इथेनॉलची गोष्ट तशी नाही, इथे पर्याय ठेवायला जागा आहे.

कायद्यातही या गाड्या अधांतरी आहेत. जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज'चा मान दिला तो पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना. म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे उंबरठ्यावर आल्यात. दादाच्या गाडीला अजून दहाएक वर्षं थांबायला हवं. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि तपासणीच्या रांगेत उभं राहणं. त्या रांगेत गाडी आचके देऊन बंद पडली तर तपासनीस झाकणाला भोक आहे का ते विचारणार नाही. म्हणून जी गाडी सहज दुरुस्त होण्यासारखी आहे ती न शोधलेल्या दोषापायी भंगारात जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. जिचा पत्रा पायाखालून गेलाय, चॅसी कुजलीये, ती गेलेली बरी. तिच्यासाठी मी भांडणार नाही.

आणि मी काही सोवळ्यातला माणूस नाही. कुणाला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचंय, विजेचा पंप लावायचाय, तर जरूर लावा. विजेचा पंप टाकीजवळ बसवला तर वाफेचा त्रास कमी होतो हे खरंच आहे. फक्त आधी दोष शोधा. दादाच्या गाडीला विजेचा पंप बसवला असता तरी बुजलेल्या टाकीतून त्याने तरी पेट्रोल कुठून ओढलं असतं?

पुतण्याला मी डिकीत एक जादा कंडेन्सर, रोटर, कोरडं फडकं, पाण्याची बाटली आणि एक दोनशे पानी वही ठेवायला सांगितली. वहीत तारीख, वेळ, ऊन की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, कशी बंद पडली, आणि कुठली एकच गोष्ट केल्यावर सुरू झाली. वहीवर तो हसला होता. परवा त्याने फोटो पाठवला. पहिल्या पानावर तीन नोंदी आहेत, त्यातली शेवटची अशी: "कशेळी पूल, दुपारी २, कडक ऊन, रांगेत ४० मिनिटं. आचके देऊन बंद. टाकीचं झाकण उघडलं, आवाज नाही. मग पंपावर ओलं फडकं. ४ मिनिटांत सुरू."